बसल्या जागचं तूप

मंडळी, माझी बायको शांता गेल्यापासून शेजारणी आमच्या मंगलच्या भाकरीवर रोज तूप वाढत होत्या. “आईविना लेकरू, अंगी लागू द्या,” म्हणायच्या. आज सकाळी तिचं पोट गच्च झालं, काहीच खाईना. घाबरून वसमतच्या हकीमसाहेबांकडं नेलं.

“मास्तर, पोरीला पैलवान करून राहिलात का? बसल्या जागी एवढं तूप पचत न्हाई. खेळते का?”

“न्हाई. दारातच बसून असते.”

“मग तुमी पळा तिच्यामागं!”

संध्याकाळी अंगणात खरंच पळालो. किती दिवसांनी ती हसली. दमली, भाकरी मागून खाल्ली आणि झोपली.

हे सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तुम्हांला लिहितो आहे. असं काही घडलं की तुम्ही कुणाला सांगता?