दिसलंच नाही

फाईल सेव्ह करायला गेले तर स्क्रीनवर एक चौकट उमटली: ‘सर्व्हरवरची फाईल मधल्या काळात बदलली आहे. तरीही तुमची प्रत ठेवायची?’ खाली दोन बटणं, हो आणि नाही.

आमचा सर्व्हर कुठल्याशा लांबच्या शहरात आहे. इथे बसून आम्ही त्याच्यावरच्या फायली उघडतो, आणि जो शेवटी सेव्ह करतो त्याचंच लिहिलेलं उरतं. गेल्या महिन्यात माझं दिवसभराचं काम असंच पुसलं गेलं. शेजारच्या टेबलावरच्या सावंतांनी सकाळी उघडलेली जुनी प्रत संध्याकाळी सेव्ह केली होती. “अगं, मला दिसलंच नाही,” म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो मुकाट्याने प्यायले. चूक कुणाच्याही हातून होते, असं महिनाभर स्वतःला बजावत राहिले.

आज सर्व्हरवरचं नवं काम त्यांचं आहे आणि जुनी प्रत माझ्याकडे. मी चौकटीकडे बघत बसले. माणसं विचारायचं विसरतात. फायली उघडायचा हा एडिटर प्रोग्रॅम विसरत नाही, आणि ऑफिसात सगळ्यांकडे हाच आहे. म्हणजे त्या संध्याकाळी त्यांनाही विचारलं होतं. त्यांना दिसलं होतं.

सावंत चष्मा पुसत होते. मी ‘हो’ दाबलं आणि दोन चहा सांगितले.