मिरवणुकीतली बासरी

बासरी ओठांना लावण्याआधी काका आमच्या पायांकडे बघत. "सूर मंग. पह्यले नीट चाला."

चौबे कॉलोनीतली आमच्या मंडळाची गणपतीची मिरवणूक तुम्ही पाहिली असेल, तर बँडच्या पहिल्या रांगेतला हा उंच, किंचित वाकलेला माणूस तुम्हाला आठवेल. नोकरी भनपुरीच्या लोखंडाच्या कारखान्यात, भट्टीवर. घर गुढियारीत. तिथल्याच एका बँडवाल्या उस्तादाने त्यांना शिकवलं. रेल्वे फाटकापासून बाजारापर्यंत वाजवत चालायचं, श्वास फक्त डाव्या पावलावर घ्यायचा. चुकलं की परत फाटक.

"उभ्यानं कोनीबी वाजवते," काका म्हणत. "चालत्याले दम पुरला पाह्यजे."

पुढे तोच पुरेना. भट्टीच्या धुळीने छाती भरली होती. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली. काकूंनी मला, बँडच्या प्रमुखाला, सांगितलं, "भाऊ, त्यायले आता घरी बसवा."

ते सांगायचं धाडस मला झालं नाही. मी तोडगा काढला. मागच्या गाडीवर कीबोर्डमधून बासरी वाजेल, काकांनी पुढे नुसती बोटं चालवायची.

"म्हंजे मी मुका?"

"कोणाले समजत नाही, काका."

काकांनी बासरी फडक्याने पुसली. "हव. फेटा तरी ढंगाचा बांधजा मंग."

मिरवणुकीत एक बाई त्यांच्या पाया पडल्या. "काका, यंदा तर बहुतच गोड वाजवून राहिले!"

काकांनी बासरी खाली घेतली. मागे ती वाजतच राहिली. लोक टाळ्या वाजवत होते, एकाचंही लक्ष गेलं नाही. काका रांगेतून बाजूला झाले. मी पाहिलं, आणि मिरवणूक थांबवली नाही.

ते पुन्हा तालमीला आले नाहीत. मीही त्यांच्या घरी गेलो नाही. थंडीत ते गेले.

बँडातला माणूस गेला की त्याला वाजवत न्यायचं, ही आमची रीत. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "वाजवा. पन थ्या कीबोर्डच्या डब्यातली बासरी आनू नका."

ढोल आणि झांजा घेऊन आम्ही गुढियारीतून निघालो. बाजारात एक पानवाला ठेल्यावरून खाली उतरला, हात जोडून उभा राहिला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "भैया, आज बांसुरी नहीं है?"

मी पुढे चाललेल्या तिरडीकडे बोट दाखवलं.