लाल रेघेच्या आतल्या बायका

समुद्राचं शिक्षण घ्यायला माणसं आमच्या माण गावाला येतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, गाव अजूनही मला ‘बाई’च म्हणतं, पण ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती. आमच्या शेतांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. त्यांतल्या एकीत छोट्या छोट्या बेटांच्या देशांतून आलेल्या लोकांना संगणकावर समुद्राचे नकाशे आखायला शिकवतात. खर्च एका श्रीमंत देशाचा, शिकवणारे आपले आणि समुद्र त्यांचा. शिमगा झाल्यावर त्यांच्यातली एक बाई सहा आठवड्यांसाठी आमच्या वरच्या खोलीत राहायला आली.

खालच्या मजल्यावर माझे थोरले दीर राहतात. सत्तरी उलटली तरी बोलणं अजून तिखट आहे. पाहुणीची बॅग जिन्यावरून वर चालली होती, तेव्हा ते ओट्यावर बसून बघत होते.

“कशाला आलीय म्हनं ही?”

“समुद्राचं शिकायला, भावजी.”

“हितं कुटला समुद्र? नळाला पानी एक दिसाआड येतंय.”

पाहुणी पस्तिशीची असेल. तिच्या देशाच्या मासेमारी खात्यात नोकरीला होती. शाळेच्या नकाशात तिचा देश मी कधी दाखवला नव्हता, कारण तो त्यात नव्हताच. पहिल्या रविवारी मी पौडहून धरणातले मासे मागवले आणि हौसेने कालवण केलं. तिने दोन घास खाल्ले आणि माशाला मातीचा वास येतो असं सांगितलं. मला राग आला. पाहुण्याने इतकं खरं बोलू नये. दुसऱ्या दिवशी तिने उरलेल्या कालवणातली डोकी मागून घेतली आणि चोखून चोखून खाल्ली, तेव्हा माझा राग गेला. माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, तिचं अर्धं गिळलेलं, तरी दुसऱ्या आठवड्यापासून आमचं बरं जमू लागलं.

संध्याकाळी मी भाकरी करायची आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. निळ्या पडद्यावर एक लाल रेघ होती. रेघेच्या आत तिच्या स्वतःच्या गावाचा समुद्र होता. बाहेरून आलेल्या मोठ्या जहाजांनी तो खरवडून नेला होता आणि मासा कमी झाला होता. म्हणून काही परदेशांशी करार होणार होता. किनाऱ्यालगतच्या प्रवाळाच्या खडकाला दहा वर्षं विसावा द्यायचा, रेघेच्या आतून कोणी काहीही काढायचं नाही. बदल्यात परदेशातून गस्तीची बोट मिळणार होती, बायकांना समुद्री शेवाळाची शेती शिकवणार होते आणि मोठी जहाजं दूर ठेवणार होते. यात मला काही वावगं दिसलं नाही आणि आजही दिसत नाही. कराराचा मजकूर ठरला होता; मसुदा सह्यांसाठी पाठवायच्या आधी फक्त रेघ पक्की करायची होती, आणि ते काम तिच्याकडे होतं.

एकदा मी सहज विचारलं, “तुझी आई काय करते?”

ओहोटी लागली की गावच्या बायका पायीच खडकावर जातात, असं तिने सांगितलं. हातात टोपली आणि लोखंडी सळई. कालवं, खेकडे, नशीब असेल तर एखादा ऑक्टोपस. पुरुषांची होडी वाऱ्यामुळे निघाली नाही की घर त्या टोपलीवर जेवतं. तिची आई लहानपणापासून जाते आणि अजूनही जाते.

मी पडद्याकडे पाहिलं. रेघ तर वाळूपासूनच सुरू होत होती.

“म्हणजे तुझी आई रेघेच्या आत येते.”

ती हसली. “त्या बायकांना कोण अडवणार, टीचर? त्या जातात हे सगळ्यांना माहीत आहे.”

“कागदावर तसं लिहिलंय?”

“ते काय लिहायचं?”

तव्यावरची भाकरी करपली. असंच वाक्य मी आधी ऐकलं होतं, आमच्याच अंगणात. शेतं कंपनीला दिली, त्या कागदांवर सह्या झाल्या तेव्हा भावजींनी एकेक ओळ वाचून घेतली होती. विहीर, आंब्याची झाडं, बांधाची मोजणी, कशाकशासाठी वाद घातला होता. शेवटच्या शेताच्या बांधावर आमचा म्हसोबा आहे, शेंदूर लावलेला गुडघ्याएवढा दगड. त्याच्या वाटेचं काय, असं मी विचारलं होतं. “म्हसोबाला जायला कुनाची परवानगी लागतीया व्हय, बाई?” असं म्हणून ते हसले होते. हसले होते तेही अगदी या पोरीसारखेच. मीही गप्प बसले होते, आणि ते मला आजवर टोचतं.

मी तिला काही समजावलं नाही. गावच्या यात्रेच्या आदल्या दिवशी म्हसोबाला नैवेद्य असतो. त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिला आमच्याबरोबर घेतलं.

म्हसोबा आता कंपनीच्या आवारात आहे, गाड्या लावायच्या जागेच्या मागे. कंपनीची माणसं वाईट नाहीत. त्यांनी दगडाभोवती कठडा बांधलाय, वर पत्रा टाकलाय. कोंबडं मात्र चालत नाही, नारळ आणि पुरणपोळी चालते. भावजी पांढरं धोतर आणि टोपी घालून, हातात झाकलेलं ताट घेऊन फाटकाशी उभे राहिले. रखवालदार बिहारकडचा, मोठा अदबशीर माणूस. त्याने आधार कार्ड पाहिलं, फोटो काढला आणि रजिस्टर पुढे ओढलं.

“किससे मिलना है, चाचा?”

“म्हसोबा,” भावजी म्हणाले.

त्याने ते नाव लिहिलं आणि आत फोन लावला. बराच वेळ कानाला लावून उभा होता. त्या नावाचा कोणी कामाला नाही, असं आतून कळलं. मग साहेबाला शोधणं, गेल्या वर्षीची चिठ्ठी दाखवणं, असं सगळं झालं. ऊन चढलं. पाहुणीने पुढे होऊन भावजींच्या हातातलं ताट आपल्याकडे घेतलं. शेवटी आमच्या तिघांच्या गळ्यात ‘व्हिजिटर’ असं छापलेली कार्डं आली. जिथे भावजींनी चाळीस वर्षं नांगर धरला, तिथे आम्ही पांढऱ्या पट्ट्यांमधून चालत गेलो.

परतताना ते तिला म्हणाले, “लिवून घ्यायचं ऱ्हायलं बग, पोरी.” मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर तिने मान हलवली. तिला कळलं होतं.

त्या दिवसापासून ती फारशी हसली नाही. आईशी बोलली, गावच्या इतर बायकांशी बोलली, मग एक पत्र लिहिलं. तिला मसुद्यात एकच वाक्य हवं होतं. ओहोटीला पायी जाणाऱ्या गावच्या बायकांना ही बंदी लागू नाही, इतकंच. तिच्या साहेबाचं उत्तर आलं की मसुदा सगळ्या देशांनी मान्य केलेला आहे, आता एका वाक्यासाठी पुन्हा बैठक घ्यावी लागेल, आणि या बायकांना अडवणार तरी कोण? तिने ते मला वाचून दाखवलं आणि तिथेच टेबलावर रडली. मग तोंड धुऊन तेच पत्र पुन्हा पाठवलं. या वेळी साहेबाबरोबर परदेशी मंडळींनाही. नोकरी जाईल म्हणाली. मी तिला धीर दिला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. सहा आठवडे संपले आणि ती उत्तर न मिळताच गेली.

दिवाळीच्या सुमारास तिने एक फोटो पाठवला, सोबत चार ओळी. ओहोटीने उघडा पडलेला खडक, त्यावर अनवाणी उभी असलेली तिची म्हातारी आई, कमरेला टोपली. करार झाला होता, वाक्य त्यात गेलं होतं आणि नोकरीही शाबूत होती. मी धावत खाली गेले. इतका आनंद मला माझ्या निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

भावजींनी फोन डोळ्यांजवळ धरला. “हिच्या बी गळ्यात कार्डच हाय की.”

ते मी पाहिलंच नव्हतं. माझा आनंद निम्मा झाला. परदेशी लोकांनी वाक्य घातलं, पण बायका ओळखायच्या कशा म्हणून कार्डंही दिली होती.

“काय लिवलंय त्येच्यावर?”

फोटो मोठा केला. तिच्या भाषेतला एकच शब्द होता, खाली इंग्रजीत अर्थ दिला होता. मी वाचून सांगितलं, “इथली.”

“हितली,” भावजी स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

पुढच्या यात्रेच्या आदल्या दिवशी फाटकावर त्यांनी ‘व्हिजिटर’चं कार्ड घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं. रखवालदार हळूच म्हणाला, “चाचा, गले में डालना पड़ेगा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताट माझ्या हातात दिलं, टोपी काढली आणि कार्ड गळ्यात घातलं.