मामीची गाडी आणि माझे एरर ऑब्जेक्ट

परवा दुपारी नागपुरात, बेसा भागातल्या घरी लॅपटॉप उघडून बसले होते, तेवढ्यात काटोलहून मामीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची संत्र्यांची गाडी कळमन्याच्या बाजारात लिलावाला जायची होती. आमच्या कंपनीच्या ॲपवर संध्याकाळपर्यंत गाडीची नोंदणी झाली नाही, तर तोडलेला माल तसाच पडून राहणार...

"काहून वं पोरी, तुमचं ॲप नुसतं ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट म्हणून राहिलं. माह्यावर कोणाचं ऑब्जेक्शन हाये का?"

ॲपमध्ये भरलेली माहिती तपासणारी लायब्ररी, म्हणजे कोडचा तो भाग, मीच लिहिली आहे.

चौथीपर्यंत मी घरीच शिकले, आईजवळ. ती नुसती फुली मारत नसे. कुठे चुकलं, मी काय लिहिलं, काय हवं होतं, तिन्ही सांगायची. म्हणून माझी लायब्ररीही "माहिती चुकीची आहे" एवढ्यावर थांबत नाही. प्रत्येक चुकीचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीची एक डबीच बनवते, आणि त्यात याच तीन गोष्टी ठेवते. यासाठी मी टीमशी किती भांडले होते...

आणि स्क्रीन बनवणाऱ्या निखिलने काय करावं? आतला मजकूर काढून दाखवायचा सोडून अख्खा ऑब्जेक्टच स्क्रीनवर चिकटवला! मग माणसाला नुसतं 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' सोडून दुसरं काय दिसणार?

त्याला फोन केला, चांगलं झापलं. तर म्हणतो, "तू ऑब्जेक्ट पाठवून राहिली, मी ऑब्जेक्ट दाखवून राहिलो. माही काय चूक?"

डोकं फिरलं... शेवटी ॲपच्या नोंदींचा लॉग उघडून तो ऑब्जेक्ट मीच मामीला फोनवर वाचून दाखवला. जरा तोऱ्यातच. "मामी, गाडीच्या नंबरात चूक आहे. तिथे अंक हवेत."

"मंग म्या काय टाकलं? अंकच तं हायेत!"

पुन्हा पाहिलं. ऑब्जेक्टमधल्या 'काय आलं' याच्यापुढे गाडीचा नंबर होता. पूर्ण, बरोबर... आणि सगळे अंक मराठीत. माझ्या लायब्ररीला फक्त इंग्रजी अंकच अंक वाटत होते.

आता कोणाला झापू?

"मामी, सध्या इंग्रजी अंक टाक ना," मी हळूच म्हटलं.

"टाकतो. पण तुह्या ॲपले मराठी शिकव वं जरा."

नोंदणी झाली. संध्याकाळी निखिलने त्याची स्क्रीन सुधारली आणि मी माझा नियम.

आई फुली मारायच्या आधी म्हणायची, "काय लिहिलंस, वाचून दाखव बरं." फुलीआधी एकदा नीट वाचून बघणं, तेवढंच नेमकं मी लायब्ररीत घातलं नव्हतं. ऑब्जेक्टमध्ये सगळं होतं... चूक कोणाची, ते सोडून.

सकाळी मामीचा मेसेज आला. गाडी बाजारात आत लागली. पुढे वेळही लिहिली होती... मराठी अंकांत. थँक यू, मामी.