रविवारीही उंदरांकडे जाणारा

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास आम्ही मुलुंडला राहायचो. ह्यांच्या मधुमेहासाठी कडू पाला आणायला मी दर रविवारी निघायचे, तेव्हा बसस्टॉपवर एक माणूस दिसायचा. बोटं पिवळीधमक, पाय सारखे हलणारे. मला वाटलं, हळदीच्या गिरणीत असेल; एकदा तसं विचारलंच.

"नाही हो मावशी, उंदरांना खुणा करायचा रंग आहे हा." औषधाच्या कंपनीत तो उंदरांना झाडपाल्याचा अर्क नळीने पाजायचा आणि मग चौदा दिवस त्यांच्यावर नजर ठेवायचा. सुट्टी नाही. मीही त्याला ह्यांच्या मधुमेहाचं आणि पाल्याच्या रसाचं सांगितलं.

"मरतात का रे?"

"मरतात ना. त्यावरनंच तर कळतं, किती झेपतं ते. तुम्ही काकांना किती देता?"

"पेलाभर रस, रोज. झाडाचाच तर आहे. गुणही येतोय बघ, हल्ली जेवण आवरलंय, चिडचिड नाही, गप्प पडून असतात."

त्याचे पाय थांबले. "मावशी, उंदीर ओरडत नाही. खाणं सोडतो, केस फुलवून कोपऱ्यात बसतो, त्यावरून आम्ही ओळखतो. काकांना बोलता येतं ना? मग विचारा तरी!"

बस आली, तो चढला. पाला न घेताच मी भराभरा घरी आले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"अहो, त्या रसाने काही होतंय का?"

"पंधरा दिवस पोटात आग पडलीय," हे म्हणाले. "तू उन्हातनं आणतेस, म्हटलं कशाला बोला."