दाढदुखीचा जिना

दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, तेच खुर्ची ओढून समोर बसतात! सत्तरच्या दशकात मी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका मनाच्या डॉक्टरांकडं पेशंटची नावं लिहून घ्यायला होते. ती नावं मी मेले तरी सांगणार नाही. किस्से मात्र पोटात राहत नाहीत, काय करू!

*

खाली दाताचा दवाखाना, वर आमचा, जिना एकच. मनाच्या डॉक्टरांकडं जाताना कुणी बघितलं तर झालंच की! वेडा झाला म्हणून पेठभर बोभाटा. त्यामुळं आमचा प्रत्येक पेशंट गालावर हात ठेवून जिना चढायचा. वर आला की हात खाली!

एकदा खालचे दातवाले वैतागून वर आले. "अहो, निम्मं सोलापूर कण्हत जिना चढतंय, आणि माझ्या खुर्चीत एक माणूस नाही!"

*

माळशिरसकडच्या एक मावशी आल्या. सारखी छातीत धडधड. डॉक्टरांनी पाऊण तास त्यांचं ऐकून घेतलं, सावकाश श्वास सोडायला शिकवलं. बाहेर येऊन मावशी माझ्यावरच उखडल्या.

"सुई न्हाय, बाटली न्हाय! निस्तं माझंच मला बोलाया लावलं की!"

"मग धडधड?"

मावशींनी छातीवर हात ठेवून अंदाज घेतला. "ती थांबली. पर सुई कुटं हाय?"

*

पूर्व भागातले एक विणकर मामा सकाळी उठल्यापासून काळजी करायचे. मागाची, पोरांची, शेजाऱ्यांच्या पोरांचीसुद्धा! डॉक्टर म्हणाले, "काळजी करा, पण रोज पाच ते साडेपाच. मधेच आली तर सांगायचं, पाचला ये."

आठवड्यानं मामा तक्रार घेऊन हजर. "डॉक्टरसाहेब, पाचला बसलो की एक पण आठवत नाही! बायको म्हणते, रिकामे बसलाय तर चिंचा फोडा!"

*

आणि आमचे अप्पा! कापडाचं दुकान, कानडी घर, मला अक्का म्हणायचे. पहिल्या दिवशी तेही गालावर हात ठेवूनच आले. मी म्हटलं, "अप्पा, आता हात काढा की. तोंडात एक तरी दात आहे का तुमच्या?"

अप्पा बोळकं पसरून हसले आणि हसता हसता रडायला लागले. मुलीचं लग्न तीन महिन्यांवर, तेही अक्कलकोटला. आणि यांनी एसटीत पाय टाकला की घाम फुटायचा, आता मरतो असं वाटायचं, "ब्याड री, ब्याड!" असं कानडीत नको नको म्हणत खाली उतरायचे. हृदय तपासून झालं होतं, ते ठणठणीत.

"अक्का, पोरगी म्हणती, अप्पा आल्याबिगर अक्षता पडू देणार न्हाय." मला फार वाईट वाटलं.

डॉक्टर म्हणाले, "एकदम अक्कलकोट नको. आधी स्टँडवर जाऊन नुसती एसटी बघा. मग उभ्या गाडीत बसा. धडधड आली तर येऊ द्या, ओसरेपर्यंत उतरायचं नाही."

कंडक्टर विचारायचा, "कुठं जायचं?"

"कुटंच न्हाय. बसायला आलोय!"

एक दिवस दवाखान्यातला फोन वाजला. "अक्का, अक्कलकोटच्या वाटेवर, वळसंगवरनं बोलतोय! धडधड ओसरायची वाट बघत बसलो, तवर गाडी सुटली की!"

"अगंबाई! मग?"

"मग काय, धडधड कुंभारीला उतरली, मी पुढं आलो!"

*

लग्नाला डॉक्टरांना आणि मला आग्रहाचं बोलावणं होतं. अप्पा सकाळच्या एसटीनं स्वतः आलेले! डॉक्टरांना बघून ते त्यांचा हात धरून सगळ्यांपुढं न्यायला लागले. मी घाईघाईनं कुजबुजले, "अप्पा, दाताचे डॉक्टर म्हणून सांगा."

"दात कुटं हायत, अक्का?" म्हणाले, आणि भर मांडवात आवाज चढवला. "मंडळी, हे माझे मनाचे डॉक्टर! मी बी दाढ दुखती म्हणून गालावर हात ठिवून यांचा जिना चढलोय. पर यांच्यामुळंच आज हितं हाय!"

मांडवातल्या सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. नवरी तेवढी डोळे पुसत हसत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

पंगत उठली. नवऱ्या मुलाचे वडील, चांगले भारदस्त गृहस्थ, माझ्याजवळ येऊन उभे राहिले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि हळूच गालावर हात ठेवला.

"अक्का, तो जिना नेमका कुटं हाय?"