भोपळ्यासाठी तीन मिनिटं

शिकागोच्या विमानतळावर उतरलो तेव्हा अमेरिकेत काय काय पाहायचं याची यादी माझ्या खिशात होती. तीत नगरपालिका नव्हती. एकतीस वर्षं नगरपालिकेत कारकुनी केलेला माणूस तीच बघायला सातासमुद्रापार कशाला जाईल?

पण नेपरव्हिलजवळच्या ज्या लहान शहरात आमची लेक मुग्धा राहते, तिथे आमच्या हिने घरापुढे भोपळा लावला. वेल साइडवॉकवर (पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर) पसरला आणि शहराची नोटीस आली: वेल काढा.

"उपटायचाच तर आधी मला उपटा," ही म्हणाली.

"आई, चिल! सोमवारी कौन्सिलची मीटिंग आहे," मुग्धा म्हणाली. "बाबा बोलतील. पण फक्त तीन मिनिटं हं."

सभेला जाताना वाटेत तिने इथला कारभार समजावला. महापौर निवडून येतो, पण रोजचं काम सिटी मॅनेजर (आपला मुख्याधिकारी) बघतो.

"मग महापौर दिवसभर काय करतो?"

"दात काढतो."

"कुणाला हसतो?"

"बाबा, डेंटिस्ट आहे तो!"

सभेत महापौरांनी पाण्याची बाटली स्वतःच आणली होती. मागे पट्टेवाला नाही. माझं नाव पुकारलं, वेळ मोजणारा हिरवा दिवा लागला आणि मी सवयीने सुरुवात केली: सन्माननीय महापौर, सन्माननीय मॅनेजर, मग पाट्या वाचत एकेक सन्माननीय सदस्य. दोन आडनावांना जीभ अडखळली. पिवळा दिवा लागला तेव्हा मी 'बंधू-भगिनीं'पर्यंत आलो होतो. "आता भोपळ्याविषयी," म्हणालो आणि लाल लागला.

"थँक यू, सर," महापौर म्हणाले. मुग्धाने कपाळाला हात लावला.

पुढचा नंबर शेजारच्या मार्गारेट आजींचा होता. "तक्रार माझीच आहे," त्या म्हणाल्या. "माझा वॉकर त्या वेलात अडकतो. पण उपटा असं मी कुठे म्हटलं? बाजूला करा, बस्स." अर्ध्या मिनिटात आजी जागेवर!

महापौरांनी मॅनेजरकडे पाहिलं. "उद्या माणूस पाठवतो," मॅनेजर म्हणाला. सरकारी 'उद्या' मला चांगलाच ठाऊक. मी निश्चिंत झालो.

सकाळी आठला टेप घेऊन माणूस दारात. मी दाढीच्या साबणासकट वेलाचं टोक धरून उभा राहिलो, वेल कुंपणाकडे वळवला आणि त्याने नोटीस रद्द केली. पहिल्या भोपळ्याचे घारगे आजींकडे गेले. त्यांनी ते केचपला लावून खाल्ले. हिने ते पाहूनही आणखी दोन घारगे पुढे केले, हे विशेष.

भारतात घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी बाजारात एकाने हटकलं. "काका, आमच्या गटाराचा अर्ज तुमच्याच टेबलावर दिला होता. बघतो म्हणाला होतात."

"चल, दाखव," मी म्हणालो.

पिशवी घेऊन तसाच त्याच्यामागून गेलो. त्या गल्लीचे किती अर्ज मी फायलीला लावले असतील! पाय मात्र तिथे त्या दिवशी पहिल्यांदाच लागले.